एका कोयत्यात किती माणसे

ऊसतोडीच्या व्यवहारात मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष किंवा एकटी बाई तोडीला आली तर तो अर्धा कोयता. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर लिहिली जाते, टोळी किती मोठी हे कोयत्यांवरून ठरते आणि हंगामाच्या शेवटी हिशेबही कोयत्याचाच होतो. या जोडीबरोबर उसाच्या फडात येणारे तान्हे मूल, धाकट्या भावंडांना सांभाळणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि गावाकडे मागे राहिलेले म्हातारे आईवडील यांची नोंद त्या वहीत नसते. महाराष्ट्रातील या श्रमिक कुटुंबांचे प्रश्न समजून घ्यायचे तर कोयता या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

बालाघाटाच्या डोंगररांगेतील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर हे बीड जिल्ह्याचे तालुके आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव हा या मजुरांचा मुख्य प्रदेश. जमीन हलकी आणि मुरमाड, पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू. खरिपाची बाजरी आणि कापूस घरात आला की उन्हाळ्यापर्यंत हाताला काम नाही. पश्चिम महाराष्ट्रात मात्र १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत त्या धर्तीवर कारखान्यांची रांग लागली. पाटाच्या पाण्याखाली ऊस वाढला, तो तोडायला माणसे लागली आणि ती दुष्काळी टापूतून आली. १९७२च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुळली. सहकारात ऊस पिकवणारा शेतकरी सभासद झाला. गेटच्या आत काम करणाऱ्या कामगाराला वेतनकरार मिळाला. ऊस तोडून गेटपर्यंत पोहोचवणारा मजूर या दोन्हींच्या बाहेर राहिला. आज राज्यात अशा मजुरांची संख्या ८ ते १२ लाखांच्या दरम्यान असल्याचे अंदाज दिले जातात. इतक्या जुन्या उद्योगातील मजुरांबद्दल अंदाजांवरच बोलावे लागते, यातच धोरणाची पहिली उणीव दिसते.

हंगामाची सुरुवात उचलीपासून होते. पावसाळ्याच्या अखेरीला मुकादम गावात फिरतो आणि एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे रक्कम आगाऊ देतो. हा पैसा बहुधा घरात टिकत नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, सावकाराचे किंवा दुकानदाराचे जुने देणे यांत तो जातो आणि दिवाळीच्या आगेमागे कुटुंब बिऱ्हाड बांधून निघते ते ही रक्कम अंगमेहनतीने फेडायला. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. त्यामुळे मालक कोण, या प्रश्नाला कागदावर सरळ उत्तर मिळत नाही. एखादा दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचे गाळप थांबेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. वेठबिगारी मोडणारा कायदा देशात १९७६ सालीच झाला. तरीही घेतलेल्या पैशापायी पुढच्या वर्षाचे श्रम आधीच गहाण पडावेत, हे घडत राहिले. याचे कारण उघड आहे. अडीनडीला एकरकमी पैसा देणारी दुसरी कोणतीही संस्था या कुटुंबाच्या दाराशी येत नाही. म्हणूनच उचल हे शोषणाचे साधन असूनही मजुराला ती आधार वाटते.

कामाचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. पुरुष ऊस तोडतो, बाई पाला साळते, मोळ्या बांधते आणि ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. गाडी मध्यरात्री आली तरी ती भरावीच लागते. त्याआधी आणि त्यानंतर पाणी आणणे, चूल पेटवणे, भाकरी थापणे ही तिचीच कामे. राहायला उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. तिथे न्हाणी नाही, संडास नाही, दिवा नाही. पाळीच्या दिवसांतही सुटी नाही, कारण खाडा परवडत नाही. बाळंतपण जवळ आलेली बाईही फडात असते.

याचा परिणाम २०१९ साली साऱ्या राज्यासमोर आला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतील कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला पिशवी काढण्याचा सल्ला मिळत होता आणि दर महिन्याचा त्रास व खाडा दोन्ही टळतील म्हणून तो स्वीकारला जात होता. त्यानंतर खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांवर शासकीय परवानगीचे बंधन आले. बंधन आवश्यकच होते. पण जो आजार फडात पाणी आणि आडोसा नसल्यामुळे होतो, त्याचा उपाय फडातच करावा लागतो.

मुलांचे नुकसान लगेच डोळ्यांत भरत नाही, पण ते अधिक काळ टिकते. दिवाळीच्या सुटीनंतर शाळेचे दुसरे सत्र सुरू होते, तेव्हा ही मुले कारखान्याच्या वाटेवर असतात. ती परततात तेव्हा परीक्षा आलेली असते किंवा होऊन गेलेली असते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे, परंतु हक्क देणारी शाळा एका जागी आणि मूल दुसऱ्या जागी अशी ही अवस्था आहे. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांना गावातच ठेवून हंगामी वसतिगृहातून दोन वेळचे जेवण देण्याची सोय झाली. लहान मुलगा आजीजवळ राहू शकतो. वयात आलेल्या मुलीला मात्र मागे ठेवायला आईबाप भितात आणि फडात न्यायलाही भितात. मग लग्न हा त्यांना सुरक्षित मार्ग वाटतो. शिवाय लग्न झाले की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ या काळात, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या महिलांपैकी सुमारे ४४ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. बालविवाहाचा कायदा आणि जनजागृतीची फेरी यांच्या जोडीला मुलीसाठी वसतिगृहात जागा असल्याशिवाय हा आकडा खाली येणार नाही.

कल्याणकारी योजनांची रचना कायम पत्ता असलेल्या कुटुंबासाठी झाली आहे. रेशन दुकान गावाला जोडलेले, अंगणवाडीची नोंद गावाला जोडलेली, बाळाच्या लसीचे कार्ड गावच्या उपकेंद्रात. रेशनकार्ड आता दुसरीकडेही चालते. पण कुटुंबाचे निम्मे लोक गावी आणि निम्मे फडावर असताना धान्य कोणी कुठे उचलायचे, हा पेच उरतोच. मागे राहिलेल्या वृद्धांना श्रावणबाळ योजनेचे मानधन मिळू शकते. मात्र बँकेपर्यंत हात धरून नेणारे माणूस सहा महिने घरात नसते.

महाराष्ट्राला या स्थलांतराच्या मुळाची जाण नव्हती असे नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना हीच होती, की गरजू माणसाला त्याच्या गावाजवळ काम मागण्याचा हक्क असावा. तिचा कायदा १९७७ साली झाला, १९७९पासून तो अमलात आला आणि २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याआधी त्याने वाट दाखवली. तरी ऊसपट्ट्याकडे जाणारे लोंढे थांबले नाहीत. हमीची मजुरी काम झाल्यावर मिळते आणि कित्येकदा उशिरा मिळते. उचल मात्र कामाआधी रोख मिळते. कर्जाची गरज असलेल्या कुटुंबापुढे केवळ रोजगार ठेवून भागत नाही, हा यातला धडा आहे.

अलीकडे काही पावले पडली आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्यासाठी गाळलेल्या उसावर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून, असे सूत्र ठरले. संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ग्रामसेवकाने मजुरांची नोंद करून ओळखपत्र द्यावे असे ठरले. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. हे सारे दीर्घ संघर्षातून आले आहे आणि त्याचे मोल आहे. पण दर वाढला तरी तो कोयत्यालाच मिळतो. जोडीतील बाईच्या हातात तिची मजुरी वेगळी पडत नाही. अपघात झाला, साप चावला, बैलगाडी उलटली, तर आपण मजूर होतो हे सिद्ध करण्याची पाळी तिच्यावर किंवा तिच्या मुलांवर येते.

यापुढचे काम त्यामुळे स्पष्ट आहे. करारावर नवरा आणि बायको या दोघांची नावे स्वतंत्र असावीत आणि मजुरी दोघांच्या खात्यांत जमा व्हावी. कोपीजवळ पिण्याचे पाणी, संडास, पाळणाघर आणि फिरता दवाखाना ही जबाबदारी ज्याच्या गाळपासाठी ही माणसे येतात त्या कारखान्याची असावी. कुटुंब गाव सोडते त्या दिवशी त्याची नोंद पुढच्या शाळेला, अंगणवाडीला आणि आरोग्य केंद्राला आपोआप कळावी. वसतिगृहे दिवाळीआधी उघडावीत, कारण मुकादम त्याच सुमारास येतो. ऊसतोडणी यंत्रे आता फडात उतरू लागली आहेत. ती वाढतील तसे या कुटुंबांना पर्यायी कामही आधीपासून शोधावे लागेल. या सगळ्याची सुरुवात एका साध्या नोंदीने होऊ शकते: वहीत एक कोयता असे लिहिलेले असते तिथे नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, मुलांची नावे आणि त्यांची वये लिहिली जावीत.