करुणा डोळस हवी

प्राणिमात्रांवर दया करा, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पंचशीलातील पहिले शील तेच सांगते. रोजच्या वंदनेत ते आपल्या ओठांवर असते. पण वंदना आटोपून विहाराच्या पायऱ्या उतरलो की प्रश्न सुरू होतात. वस्तीत पिसाळलेले कुत्रे फिरत असेल तर दया कुणावर करायची? कुत्र्यावर, की गल्लीत खेळणाऱ्या पोरांवर? ज्यांच्या बंगल्याला कुंपण आहे आणि दारात मोटार आहे, त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. तो आपल्याला पडतो. म्हणून त्याचे उत्तरही आपणच शोधले पाहिजे.

मी 31 वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यांतील बरीच वर्षे कुत्रा चावलेल्यांना लस टोचण्यात गेली. त्या रांगेत कोण असायचे? पहाटे झाडू घेऊन निघालेल्या सफाई कामगार भगिनी, कागद-काच वेचणारी मुले, रात्रपाळी संपवून पायी घरी निघालेले कामगार. भटक्या कुत्र्यांबद्दल वर्तमानपत्रात मोठमोठी मते मांडणारे त्या रांगेत मला क्वचितच दिसले.

एका मुलाचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नऊ-दहा वर्षांचा असेल. जखम लहान म्हणून घरच्यांनी तिच्यावर मिरचीपूड भरली आणि भगताकडून गंडा बांधून घेतला. दीड महिन्याने त्याला आणले तेव्हा पाण्याचा पेला पुढे केला तरी तो थरथर कापत होता. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्याची आई माझा हात धरून म्हणत होती, "सिस्टर, आता द्या ना इंजेक्शन." आता देण्यासारखे काही उरले नव्हते.

असे मरण पाहिल्यावर कुणालाही वाटेल, घाला सगळ्या कुत्र्यांना विष. मलाही तो राग कळतो. पण राग बाजूला ठेवून विचार करायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. ही कुत्री इतकी वाढली कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

त्याचा एक धागा आमच्या आजीच्या आठवणींत सापडतो. आजी मराठवाड्यातल्या खेड्यातली. गावची मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम आपल्याच माणसांच्या गळ्यात होते. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे बजावले. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या आजोबांनी ते ढोर ओढण्याचे कामही कायमचे टाकले. आजी सांगायची, माळावर ढोर पडले की आभाळातून गिधाडे उतरत आणि बघता बघता नुसता सांगाडा उरे. "गावची घाण निपटायची त्या पाखरांनी अन् आपण. अन् अभद्र म्हणायचं ते बी त्यांनाच अन् आपल्यालाच!" असे म्हणून ती हसायची.

ती गिधाडे आज कुठे आहेत? 1990 नंतर भारतातून ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी 2007 पर्यंत हजारात एकसुद्धा उरले नाही. कारण कळेना. शेवटी 2004 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध याला जबाबदार आहे. माणसे अंगदुखीवर घेतात तेच हे औषध. दुखणाईत बैलाला ते टोचले आणि तो मेला, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. शंभर मेलेल्या गुरांमागे एकातही हे औषध असण्याची गरज नाही. त्याहून कमी प्रमाण गिधाडांच्या नाशाला पुरेसे ठरले. कारण गिधाड वर्षाला एकच अंडे घालते.

गिधाडे गेली आणि माळावरचे मांस कुत्र्यांना मोकळे झाले. शहरात उघड्या उकिरड्यांनी त्यांना पोसलेच होते. कुत्री वाढली तसा रेबीजही वाढला. कुजणारी जनावरे पाण्यात गेली, रोगराई पसरली. 2000 ते 2005 या काळात गिधाडे नसल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे मेली असावीत, असा हिशेब दोन अर्थतज्ज्ञांनी 2024 साली मांडला आहे.

यात क्रूर कोण होते? कुणीच नाही. शेतकऱ्याने बैलाची वेदना पाहवेना म्हणून इंजेक्शन दिले. ती करुणाच होती. फक्त त्या औषधाचे पुढे काय होते, हे कुणी पाहिले नव्हते. मग बैलाला तडफडत ठेवायचे का? तेही नाही. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध बैलाची वेदना शमवते आणि गिधाडाला अपाय करत नाही, असे आढळले. 2006 साली सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. 2023 मध्ये तशाच घातक अशा कीटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक या औषधांनाही मनाई झाली. बैलही वाचावा आणि गिधाडही, असा मार्ग निघाला. तो नुसत्या हळहळण्याने निघाला नाही, नुसत्या हिशेबानेही नाही.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा केली आहे. अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नसून ते तत्त्व आहे, असे ते सांगतात. हौसेने मारणे आणि गरजेपोटी मारावे लागणे यांत तथागतांनी भेद केला, हे ते दाखवून देतात. नियम माणसाला बांधतो, तत्त्व विचार करायला लावते. म्हणूनच आपल्या धम्मात करुणेच्या शेजारी प्रज्ञा उभी आहे. प्रज्ञेवाचून करुणा वाट चुकते. आणि जनावरावर माया दाखवून माणसाला झोडपणारी करुणा तर करुणाच नव्हे. 2016 साली गुजरातमध्ये ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या तरुणांना गोरक्षेच्या नावाने अमानुष मारहाण झाली. ती दया कुणासाठी होती?

आमच्या वस्तीतही दोन वर्षांपूर्वी अशीच वेळ आली. एका लहान मुलीला कुत्रा चावला. तरुण पोरे विषाची भाषा करू लागली. शेजारच्या मावशी रोज कुत्र्यांना भाकरी घालतात, त्या रडू लागल्या. महिला मंडळाची बैठक विहारात बसली, चांगलीच गाजली. मी एवढेच म्हटले, विष घातले तर आजची कुत्री मरतील, पण उकिरडा तसाच राहिला तर शेजारच्या गल्लीतली येतील, आणि तीही बिनलसीची. मग मटणाच्या दुकानदारांना भेटून टाकाऊ मांस झाकणाच्या पिंपात ठेवायला लावले. नसबंदी आणि लसीकरणासाठी नगरपालिकेत अर्ज दिला. गाडी यायला पाच महिने आणि सात खेपा लागल्या. मावशी भाकरी घालतात, पण आता बालवाडीच्या रस्त्यावर नाही, मागच्या मैदानाच्या कोपऱ्यात. आणि कुत्री पकडायला त्यांचीच मदत झाली, कारण ती त्यांनाच ओळखत होती.

हे काही आमचे नवे शहाणपण नाही. दहा कुत्र्यांपैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे तज्ज्ञ सांगतात. शेजारच्या गोव्याने गावोगाव कुत्र्यांना लस टोचून माणसांचे बळी थांबवून दाखवले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नसबंदी व लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली व हिंस्र कुत्री सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. पिसाळलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवावेच लागते. तिथे मन घट्ट करण्यातही करुणा आहे.

माझ्या भगिनींनो, शेवटी कामाचे सांगते. कुत्रा चावला, नुसते ओरखडले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. भगताकडे जाऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले, आता लस दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते मागून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या सर्व तारखा पाळा, एकही चुकवू नका. गावी गुरे असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, इंजेक्शन कोणते देता? आणि आपल्या भागात नसबंदीची गाडी येत नसेल तर पाच जणींनी मिळून अर्ज लिहा. त्याची पोच मात्र घ्यायला विसरू नका.