जतच्या अंगणात सफरचंद

सफरचंद हे थंडीचे फळ. आणि आमचे जत म्हणजे पावसाने वाळीत टाकलेला मुलूख! तरी अंगणात तीन रोपे लावली. हिमाचलच्या हरिमन शर्मांची ‘एचआरएमएन-९९’ उन्हाला भीत नाही. (त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली.) दुसरी इस्रायलची ‘अण्णा’, आणि तिच्या परागासाठी शेजारी ‘डोरसेट गोल्डन’. इथली थंडी पाने गाळण्याइतकी नाही, म्हणून डिसेंबरात ती हातानेच खुडावी लागतात.

भांडण आहे ते पाण्याचे. सौभाग्यवती म्हणते, “अहो, डाळिंबानं मुलीचं लग्न केलं. या अण्णांनी अजून फूलसुद्धा दाखवलेलं नाही!”

सध्या टँकरचे पाणी डाळिंबाला, आणि भांडी विसळलेले अण्णांना.