ओरिजिनल

माझा धाकटा भाऊ परळच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्री आहे. त्याच्याकडे मित्सुबिशी लान्सर होती हे ऐकून उर्दू शाळेतल्या माझ्या सहकारी बाई डोळे मोठे करायच्या. अपघातात पुढून चेपलेली ती गाडी त्याने भंगाराच्या भावात घेतली आणि तीन वर्षं रात्री जागून उभी केली, हे त्यांना माहीत नव्हतं.

हिंदुस्तान मोटर्सने १९९८ साली तमिळनाडूत तिरुवल्लूरला लान्सर बनवायला सुरुवात केली. तिच्याच शर्यतीच्या भावंडाने, लान्सर इव्होल्यूशनने, फिनलंडच्या टॉमी मॅकिननला १९९६ ते १९९९ असं सलग चार वर्षं रॅलीचं जगज्जेतेपद दिलं. आमच्या खोलीत भिंतीवर दोनच चित्रं होती, काबा शरीफ आणि मॅकिननची गाडी. दोन्हींत बरंच अंतर ठेवायची ताकीद अम्मीची.

भावाने स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली, चाकं रुंद घातली, सायलेन्सर मोठ्या तोंडाचा लावला. लालबागचा रस्ता अशा गाडीसाठी नाही. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि भावाचा चेहरा पडायचा.

मग त्याला स्वतःचा गाळा हवासा वाटू लागला. जुन्या गाड्यांचे सुटे भाग येईनासे झालेत, लेथ असेल तर बुश, पिन घरी कातता येतात, असा त्याचा हिशोब. जुन्या लेथला आणि गाळ्याच्या डिपॉझिटला पैसे हवे होते. दुल्हनने बांगड्या काढून पुढे ठेवल्या. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि दादरला बनलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. मुलं फाळक्यांसाठी टाळ्या वाजवतात. सरस्वतीबाईंचं नाव मला दोनदा सांगावं लागतं. भावाने बांगड्या परत केल्या. “ये नहीं आपा. गाडी जाएगी.”

गिऱ्हाइकं आली. सगळ्यांचा एकच प्रश्न, “ओरिजिनल माल कुठाय?” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना पाठ. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. म्हणजे गाडीत जे जे त्याचं स्वतःचं होतं, ते उतरवल्याशिवाय तिला भाव नव्हता. ऑपेरा हाऊस, कुर्ला पालथं घालून त्याने जुना सायलेन्सर शोधला, विकत घेतला, आणि दोन आठवडे रात्री बसून आपलंच काम उलटं केलं. मी शेजारी बॅटरी धरून बसायचे. तो बोलत नव्हता.

हिशोबाची वही माझ्याकडे होती. खर्च दोन लाख तीस हजार, विक्री एक लाख पंधरा. बी.एड.ला आम्ही मूल्यमापन शिकलो होतो. रात्रींचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे ते त्यात नव्हतं.

ताडदेवच्या आरटीओसाठी फॉर्म २९ आणि ३० मीच भरले. सही त्याने उर्दूत केली, हळूहळू, एकेक अक्षर.

लेथ आता चालू आहे. शेजारचे आवाजाची तक्रार करतात, पण कामं त्यांचीच जास्त येतात. ती चार रुंद चाकं मात्र कुणी घेतली नाहीत. दोन गाळ्यात पडलीत. उरलेल्या दोनांवर फळी टाकून अम्मीने पाण्याचं पिंप ठेवलंय.