पंख्याची खरी किंमत
पंखा विकत घेताना आपण त्याची किंमत विचारतो. तो वीज किती घेईल, हे सहसा विचारत नाही. वास्तविक, दुकानात दिलेले पैसे हा केवळ पहिला हप्ता असतो. उरलेले हप्ते विजेच्या बिलातून वर्षानुवर्षे फेडावे लागतात.

साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नवा काटकसरी पंखा ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज १२ तास आणि वर्षाकाठी ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे सुमारे १५० युनिट वाचतात.

मी अनेक वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहिलो. पंखा घरमालक निवडी, बिल मात्र मी भरी. अशा माणसाला काटकसरीचा उपदेश काय उपयोगाचा?

म्हणून मला मानकांचे मोल अधिक वाटते. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर, २००६ साली उपकरणांवर तारे झळकू लागले. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ते सक्तीचे झाले. तारे ग्राहकाला सावध करतात. किमान मानक उधळ्या यंत्रांना बाजाराबाहेर ठेवते. ते जितके कडक, तितका निवड नसलेल्या माणसाचा भार हलका होतो.