भुतालाही पावलं मोजावी लागतात

गोष्टीतलं भूत आणि खेळातलं भूत यांत मोठा फरक असतो बरं का! गोष्टीतलं भूत भिंतीतून आलं काय नि छपरातून आलं काय, त्याला कुणी हिशेब विचारत नाही. खेळातल्या भुताला मात्र एकेक पाऊल मोजून टाकावं लागतं.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत तो काढला. त्यात पडदा नाही, बटणं नाहीत. चारपाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि वार लागला की चुकला ते फासा ठरवतो. फासाही कसा, तर चांगला वीस बाजूंचा! गोष्ट सांगणाऱ्याला तिकडे 'डंजन मास्टर' म्हणतात. माझी भाचरं त्याला 'सूत्रधार' म्हणतात. सांगलीची आहेत ना! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' ज्या गावात केलं, तिथल्या मुलांना दुसरा शब्द कसा सुचणार?

तर दिवाळीच्या सुट्टीत ही मंडळी आमच्याकडे साताऱ्याला आली होती. नववीतला भाचा सूत्रधार. सहावीतली भाची आणि तिच्याच वयाची माझी लेक, या दोघी मावळे. भाच्याने गोष्ट मात्र झकास रचली होती. 1700 साली औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याला सुरुंग लावले, तेव्हा एका सुरुंगाने तट उलटा मोगलांच्याच अंगावर कोसळला आणि त्यांचीच शेकडो माणसं गाडली गेली. हा इतिहास झाला. भाच्याच्या गोष्टीत त्यातल्या एका शिपायाचं भूत तटात राहत होतं. सतरंजीवर चौकोनांचा कागद पसरला. एक घर म्हणजे पाच फूट.

आणि दहाच मिनिटांत भांडण! भाचीचा मावळा तटाला पाठ लावून उभा. भूत तटातून त्याच्या शेजारी निघायचं, फटका मारायचं आणि पुन्हा तटात गडप. तिची पाळी येईपर्यंत समोर कुणीच नाही. तीनदा असं झालं. मावळा मरायला टेकला आणि भाचीचे डोळे भरले.

"मामा, हा रडीचा डाव खेळतोय! तू सांग याला."

"नियमात बसतंय सगळं," भाचा म्हणाला.

मी नियमांचं पुस्तक मागून घेतलं. (2014 सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम होते.) वाचत गेलो तसं लक्षात आलं, की भाचा खोटं बोलत नव्हता. शत्रू आपल्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडत असला, तर त्याला जाता जाता एक फटका मारता येतो. अट एकच, तो आपल्याला दिसला पाहिजे. भाचीचा मावळा तटाला चिकटून उभा होता. भूत तटात शिरलं तरी टप्प्यातच होतं, आणि टप्पा सोडताना ते दगडाआड होतं. मग मारणार कुणाला?

पण त्याच पुस्तकात भुतालाही वेसण आहे. एका पाळीत ते चाळीस फूट जातं. दगडातून जाताना एका फुटाला दोन फूट खर्च होतात. आणि पाळी संपताना ते दगडातच अडकलं, तर त्यालाच मार बसतो. आता तुम्हीच मांडून बघा. तट एका घराचा असेल, तर तटातून यायला दहा, बाहेरच्या घरात पाऊल टाकायला पाच, परत तटातून दहा आणि पलीकडे पाच, असे तीस फूट. आरामात जमलं. तट दोन घरांचा केला, तर बाहेर यायलाच पंचवीस लागतात. उरलेल्या पंधरात परत जाता येत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. भाचीने तट निरखून पाहिला आणि म्हणाली, "दादा, हा पाच फुटांचा आहे होय रे?" भाच्याने निमूटपणे तट दोन घरांचा केला. पण तोही काही कमी नाही. म्हणाला, "सुरुंगाने ढासळलेल्या जागी मात्र एकच घर." आता भूत तिथूनच येणार हे उघड होतं.

भाची शाळेत खोखो खेळते. तुम्हीही खेळत असाल. पळणारा बसलेल्या गड्यांच्या मधून हवा तिकडे जातो, पाठलाग करणाऱ्याला मात्र तसं मधून जाता येत नाही. म्हणजे पळणारा भूतच की! मग आपण काय करतो? भिंतीवर डोकं आपटत नाही, पलीकडे तोंड करून बसलेल्याला खो देतो. (2022 साली अल्टिमेट खोखो सुरू झालं तेव्हा त्यात 'वजीर' आणला, त्याला कुठल्याही दिशेला पळता येतं. मला तो फारसा आवडत नाही. खो देण्यातली गंमत कमी होते.)

भाचीने तेच केलं. स्वतःचा मावळा तटापासून एक घर दूर घेतला, म्हणजे परत जाताना भूत तिच्या डोळ्यांदेखत टप्पा सोडणार. माझ्या लेकीला तिने तटाच्या आत पाठवलं. लेकीने आपल्या पाळीत आधीच सांगून ठेवलं, "ते दिसलं रे दिसलं की मी मारणार." असं सांगून ठेवता येतं, फक्त त्या पाळीत दुसरी कृती करता येत नाही.

भूत आलं. फटका मारला, भाचीचा मावळा थोडक्यात वाचला. भूत वळलं.

"थांब!" भाची ओरडली आणि तिने फासा टाकला. चौदा! भुताला वार लागायला अकरा पुरतात. तलवारीचे आठ झाले, पण साध्या हत्याराचा मार भुताला निम्माच लागतो, म्हणून चार. पलीकडे लेकीचा फासा पडला दोन, तिचा वार हुकला.

पंचेचाळीसातले चार गेले, एक्केचाळीस राहिले. भाचा डोकं खाजवत कागदाकडे बघत बसला, भाची पुन्हा फासा घोळवू लागली, आणि स्वयंपाकघरातून मामीने जेवायला हाक मारली. कुणीही उठलं नाही.