प्रवेशपरीक्षेची तालीम

सांताक्रूझ, रविवार

दुपारी वाकोल्यास धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा भाचा सातारच्या सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचा सराव करीत बसला होता. १९६१ साली स्थापन झालेल्या, देशातील या पहिल्या सैनिक शाळेविषयी मला बालपणापासून नितांत आदर आहे. म्हणूनच ही तालीम मी अधिक बारकाईने पाहिली. अडीच तासांत सव्वाशे प्रश्न, एकूण तीनशे गुण आणि त्यांतील निम्मे एकट्या गणिताचे, हा हिशेब त्या दहा वर्षांच्या मुलास मुखोद्गत होता. उत्तराचे वर्तुळ तो जीभ दातांत धरून, रेषेबाहेर शाईचा ठिपकाही न जाऊ देता भरीत होता. मध्येच म्हणाला, "मामा, चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून काही सोडायचं नाही."

हे त्याचे वाक्य मनातून जाईना. जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित, तेव्हा निवडीची काही तजवीज हवी, हे मला मान्य आहे. परंतु जे येत नाही ते 'येत नाही' असे म्हणण्याची मुभाच ज्या तालमीत नाही, तिने जिज्ञासेचे मूळच खुडले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्यापासून त्याचे गणित मी घेणार, अनुमानाने भरलेले प्रत्येक वर्तुळ त्याच्याकडून पुन्हा सोडवून घेणार, आणि सायंकाळी त्याला मैदानावर धाडावे असे बहिणीस बजावणार; लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणीही असतेच.