कॉक्स आणि अस्थाना

विरार ते अंधेरी म्हणजे 'स्क्रब्ज'चे दोन एपिसोड. (बसायला जागा मिळाली तर. नाहीतर शून्य!) २००१ ते २०१० चाललेली ही हॉस्पिटलातली कॉमेडी सध्या परत बघतोय.

आपल्याकडे जवळचं उदाहरण म्हणजे नागपूरच्या राजकुमार हिरानीचा 'मुन्नाभाई एमबीबीएस' (२००३). धमाल आहेच. पण त्यातला डीन अस्थाना नुसता शत्रू. मुन्ना त्याच्याकडून काही शिकत नाही, उलट त्यालाच शिकवून जातो. टाळ्या पडणारच, प्रत्येकाच्या ऑफिसात एक अस्थाना असतो ना!

डॉक्टर कॉक्सचं प्रकरण वेगळं. ज्युनियर जेडीला तो धड नावाने हाक मारत नाही, मुलींच्या नावांनी चिडवतो. वर बॉस केल्सोशी रोजची जुंपलेली. २००६च्या एका भागात तो एकाच डोनरचे अवयव तीन पेशंटना बसवायला लावतो. डोनरला रेबीज होता हे नंतर कळतं. (२००४ साली टेक्सासमध्ये असं खरंच घडलं होतं.) तिघंही जातात. आपला दोष नसताना पेशंटचा मृत्यू अंगावर घ्यायचा नाही, हे कॉक्सचंच वाक्य जेडी त्याला ऐकवतो. कॉक्स 'बरोबर आहे तुझं' म्हणतो आणि ड्यूटी अर्धवट टाकून निघून जातो.

पुढच्या भागात जेडी त्याच्या घरी जाऊन सांगतो, इतकी वर्षं डॉक्टर असूनही तुम्हाला अजून एवढं लागतं, याचा मला अभिमान वाटतो.

आमच्याकडे मेंटॉर एचआर वाटून देतं. त्यातला एकही माझ्यासमोर कधी खचलेला दिसला नाही.